दुसरा ग्लास

आमच्या ह्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढली. भावाभावांच्या वाटण्या, शेजाऱ्यांची कुंपणं, आणि मध्ये फीत धरून उभा असलेला हा माणूस. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन घरी यायचे आणि बुटांवरचा चिखल खरवडता खरवडता सांगायचे, आज साडेतीन इंचांसाठी दोन डोकी फुटली. कुणाची बाजू घेणं त्यांना जमायचंच नाही. माझीसुद्धा कधी घेतली नाही. सासूबाई आणि मी भांडलो की मधल्या दारात उभे राहून निकाल द्यायचे, की दोघींचंही थोडं थोडं चुकलंय. असा नवरा जिच्या पदरात पडलाय तिलाच माझं दुःख कळेल.

निवृत्त झाले आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. चार तास यंत्राला जोडून पडायचं. यंत्र रक्त धुऊन परत देतं आणि अंगात साठलेलं पाणी ओढून घेतं. मधल्या दिवसांत त्या पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. जास्त प्यायलं की आधी पायांवर सूज, मग छातीत पाणी, आणि मग माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. हे मला तिथल्या नर्सनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, घाबरू नका.

दिवसाला अर्धा लिटर पाणी, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं. दुसऱ्या कुणी मनातल्या मनात त्याचं पाऊण केलं असतं. ह्यांनी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली आणि बारीक पेनानं रेघा मारल्या. सकाळ, दुपार, गोळ्या, संध्याकाळ. चहासुद्धा त्यातूनच वजा. मी कधी दया येऊन चमचाभर जास्त ओतलं तर रेघेवर बोट ठेवून ते परत काढायला लावायचे. मी चिडायची. म्हणायची, स्वतःच्या घशाला असली सरकारी वागणूक कोण देतं? पण झोपेत त्यांचे ओठ हलायचे. समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की खिडकीत उभे राहून त्या ओघळाकडे असे बघत बसायचे, की मलाच तिथून उठून जावंसं वाटायचं. सहा वर्षं त्या माणसाची तहान भागली नव्हती.

डायलिसिसचं केंद्र पुलापलीकडे होतं. न्यायला-आणायला एका धर्मादाय संस्थेची जुनी व्हॅन यायची. तिच्या ड्रायव्हरचं नाव आम्ही सव्वापाच ठेवलं होतं, कारण तो सव्वापाचला दारात हॉर्न द्यायचा आणि पाच सतराला निघून जायचा. स्वतःच्या लग्नातही हा दोनच मिनिटं थांबला असेल, असं आमचे हे म्हणायचे. गाडीत पेशंट तीन. एक हे, एक टपाल कचेरीत काउंटरवर बसणाऱ्या ताई, त्यांना आम्ही टपालताईच म्हणायचो, आणि तिसरा बेकरीवाला. सोबत म्हणून मी.

बेकरीवाला त्यांच्यातला. त्यांच्यातला म्हणजे काय, हे आमच्या शहरात शाळेतल्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी ह्यांनी नर्सला बाजूला घेऊन खाट बदलून मागितली. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू? नर्स म्हणाली, चार नंबरचं यंत्र तुमचं, नको असेल तर घरी जा. तेव्हा पाच नंबरवरून तो जाडजूड माणूस म्हणाला, "साहेब, दोघांच्या नळ्या वेगळ्या आहेत. माझं रक्त तुमच्यात येणार नाही."

हे त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ते मी आधीच तपासलंय."

वर्षभर हे त्याला पाण्यात पाहायचे, तेही अर्ध्या लिटरच्या. मुख्य भांडण पंख्याचं. यंत्रावर ह्यांना हुडहुडी भरायची. आणि तो जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलेला, त्याला वारा नसला की जीव जायचा. शेवटी ह्यांनीच तोडगा काढला, दोन तास चालू, दोन तास बंद, आणि घड्याळ उशाशी ठेवून तो पाळला. मिनिटभर इकडेतिकडे नाही. त्या मिनिटांनीच बहुधा बेकरीवाला जिंकला गेला. त्याला शब्दाचा माणूस आवडायचा. तो ह्यांना मोजणीसाहेब म्हणायला लागला, हे त्याला भट्टी म्हणायला लागले. आमच्या या लोकांना मीठही बेतानंच खायचं असतं, म्हणून तो आठवड्यातून एकदा बिनमिठाच्या पावांचं वेगळं ताट भाजून गाडीत आणायचा. हे तोंड वाकडं करून खायचे आणि घरी जायला दोन पाव मागून घ्यायचे.

या लोकांच्या हातावर सुयांसाठी एक शीर शस्त्रक्रियेनं मोठी केलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली की संपलं, यंत्र जोडता येत नाही. म्हणून गाडीत बसल्या बसल्या तिघं एकमेकांची थरथर तपासायची. पहाटेच्या अंधारात आमचे हे, ज्यांनी खाट बदलून मागितली होती ते, त्या बेकरीवाल्याचं मनगट हातात धरून डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "चालू आहे." मैत्री हा शब्द दोघांपैकी कुणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर दुसऱ्यानं थट्टा केली असती.

मग तो गुरुवार आला. कुठल्याशा मिरवणुकीवर दगड पडले, किंवा पडले असं कुणी सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दोन गल्ल्या जळत होत्या आणि आपल्या एक. आपल्या म्हणायची मलाही सवयच आहे. संचारबंदी लागली. शुक्रवारी गाडी आली नाही. सोमवारीही नाही. ह्यांनी दोन दिवसांतच हिशेब बांधला आणि अर्ध्या लिटरचं पाव लिटर केलं. बाटलीवर नव्या रेघा. संचारबंदी लांबली तर असू द्यावं, म्हणाले.

बेकरीवाल्याचं घर पुलापलीकडे, त्यांच्या वस्तीत. पण बेकरी आमच्या बाजूला, बाजाराच्या तोंडाशी. गुरुवारी तो पीठ मळायला आला होता आणि तिथेच अडकला. शटर आतून ओढून, दिवा न लावता, एकटा. त्याच्याकडे फोन होता आणि पिठासाठी भरून ठेवलेलं पाण्याचं भलं मोठं पिंप. मला त्या पिंपाचीच भीती वाटत होती. बाहेर पोरं हातात सळ्या घेऊन फिरताहेत, आत माणूस तहानलेला, आणि हाताशी गार पाणी.

हे दर तासाला त्याला फोन लावायचे. "किती झालं?" एवढंच विचारायचे. तो आकडा सांगायचा, हे माझ्याकडून कागदावर लिहून घ्यायचे. शेजारपाजारी ऐकू जाऊ नये म्हणून संडासात उभे राहून बोलायचे. सहा वर्षांत त्या दोघांचं इतकं बोलणं झालं नव्हतं. रविवारी रात्री तो फोनवर रडला. बाहेर कुणीतरी शटरवर लाथा घालत होतं, आणि त्या भीतीत त्यानं पिंपात भांडं बुडवून घटाघटा पाणी पिऊन टाकलं होतं. किती, तर त्याच्या अंदाजानं नऊशे मिलिलिटर. हे त्याला काय काय बोलले ते मी सांगत नाही. माझ्या ऐकण्यात त्यांनी तसे शब्द कुणाला वापरले नव्हते, जमिनीवरून डोकी फोडणाऱ्यांनासुद्धा नाही. फोन ठेवल्यावर तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. "मरेल हा माणूस," म्हणाले.

मंगळवारी सव्वापाचनं सरकारकडून परवानगीचं पत्र मिळवलं. पेशंट तीन, सोबत एक, एवढंच त्यात होतं, नावं नव्हती. बुधवारी सात वाजता गाडी दारात आली. सव्वापाच पहिल्यांदाच उशिरा आला आणि त्याबद्दल माफी मागत बसला. टपालताई आधीच गाडीत होत्या, सुजलेल्या पायांत मुलाच्या चपला घालून. सव्वापाचला सरळ पुलाकडे जायचं होतं. त्याला बायकापोरं आहेत, त्याचंही चूक नव्हतं. हे म्हणाले, आधी बाजारात घे, मागच्या बोळातून. तो म्हणाला, साहेब, त्यांना गाडीत घेतलं तर सगळेच जाऊ. टपालताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी खरं सांगते, मीही गप्प बसले. माझ्या मनात होतं की आपला माणूस आधी यंत्रावर पोचू दे.

हे म्हणाले, "त्याच्या खाटेवर नवा कुणी आला तर पंख्याचं सगळं परत पहिल्यापासून ठरवावं लागेल. बोळातून घे."

बेकरीच्या मागच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, दोन पावलं टाकून थांबत होता, आणि प्रत्येक श्वासाला छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज. त्याला ओढून आत घेतलं. ह्यांनी त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि मान डोलावली. मग वाटेत ठरलं की विचारलं कुणी तर हा माझा भाऊ. हे म्हणाले, असला मेव्हणा असता तर मी हे लग्नच केलं नसतं. बेकरीवाला हसला, आणि त्याला जो खोकला लागला तो थांबेना.

पुलाच्या अलीकडे अडथळा होता. बाकडी, टायर, एक उलटी हातगाडी. आपलीच पोरं. पोलिसांची जीप लांब सावलीत उभी होती, त्यातले पोलीस पेपर वाचत होते. पोरांचा म्होरक्या माझ्या ओळखीचा निघाला. महिन्यापूर्वी मी त्याच्या दुकानातून नळाची तोटी आणली होती, आणि ती गळते म्हणून परत करायला गेले तर कुरकूर न करता त्यानं बदलून दिली होती. मला बघून त्यानं नमस्कार केला. काकू म्हणाला. पत्र वाचलं, कोण कोण आहे विचारलं. बेकरीवाल्याकडे बोट केलं तेव्हा मी म्हटलं, माझा भाऊ, आणि माझ्या सख्ख्या भावाचं नाव सांगितलं. तो भाऊ माझ्याशी बारा वर्षं बोललेला नाही, पण त्या दिवशी कामी आला.

सगळं पार पडलं होतं. मग त्यानं माणुसकीनं पाणी मागवलं.

त्यांनी तिथे पिंप भरून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. ऊन तापायला लागलं होतं. एका पोरानं ट्रेमधून मोठे स्टीलचे ग्लास आणले, काठोकाठ भरलेले, बाहेरून घाम फुटलेले. दुसरं कुणीही असतं तर ग्लास घेऊन ओठ ओले केले असते आणि परत दिला असता. पण जित्याची खोड. टपालताईंनी नको म्हणून हात आडवा धरला. ह्यांनी ट्रे मागे सारला. बेकरीवाल्यानं मान वळवली. सहा सहा वर्षं पाण्याला नाही म्हणण्यात घालवलेली माणसं ती, भरलेला ग्लास दिसला की त्यांचा हात आपोआपच नाही म्हणतो. तिघांनी एका दमात नाही म्हटलं, आणि मी बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तोटीवाल्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, हे पाणी आपल्या प्रार्थनास्थळाच्या विहिरीचं आहे. कालच एकानं नाकारलं, पोट बिघडलंय म्हणाला, नंतर कळलं तो कोण ते. त्याचं पुढे काय केलंत, हे मी विचारलं नाही. मी त्याला आजार समजावून सांगितला, मूत्रपिंडं, यंत्र, छातीतलं पाणी. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. त्याच्या आवाजात जराही अरेरावी नव्हती.

"एक ग्लास पाण्यानं कुणी मरत नाही, काकू," तो म्हणाला. "सगळ्यांनी घ्या, मी गाडी सोडतो."

प्रत्येकाच्या हातात ग्लास दिला. माझा मी संपवला. टपालताई डोळे घट्ट मिटून एक एक घोट गिळत होत्या, गालांवरून पाणी ओघळत होतं. ह्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो चेहरा मला दिसला नव्हता. इतकं सुख.

बेकरीवाला ग्लास धरून बसला होता. पाणी बोटांवर सांडत होतं. त्याच्या छातीत आधीच जागा नव्हती, हे गाडीत सगळ्यांना ऐकू येत होतं. तेवढ्यात मागे एक टँकर आला आणि हॉर्न वाजवायला लागला. तोटीवाल्यानं आणि पोरांनी माना वळवल्या. ह्यांनी बेकरीवाल्याच्या हातातला भरला ग्लास घेतला, आपला रिकामा त्याच्या हातात ठेवला, आणि प्यायला लागले. मी हात पुढे केला होता. पण मी अर्ध्यातच थांबले. ओरडले असते तर बेकरीवाला तिथेच संपला असता, आणि कदाचित आम्हीही. पण हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मी नुसती बघत होते.

तोटीवाला वळला तेव्हा हे शेवटचे घोट घेत होते. "काकांना तहान बरीच दिसते," तो हसून म्हणाला. त्यानं ग्लास मोजून घेतले आणि गाडी सोडायला सांगितली.

गाडी सुटली आणि पंचवीस पावलांवर थांबली. पुलावर गोळीबार झाला होता, लष्करानं रस्ता बंद केला. अडीच तास आम्ही तिथे उभे होतो. तोटीवाल्यानं आमच्यासाठी सावली म्हणून ताडपत्री बांधून दिली, दोनदा येऊन चौकशी केली. तो माणूस वाईट होता असं मला म्हणता येत नाही, त्यामुळे माझा राग कुठे नेऊन ठेवावा हेच अजून कळत नाही.

पहिला तास हे बरे होते. मग पाठ टेकवेना. मग बोलताना मध्ये थांबायला लागले. मी कानाशी जाऊन विचारलं, कशाला प्यायलात? ते थोडं थोडं करून बोलले. पहिला ग्लास म्हणजे काय सांगू तुला, म्हणाले. दुसरा मात्र ढकलावा लागला. मग बराच वेळ श्वास गोळा केला.

"रविवारचे नऊशे होते ना त्याचे," म्हणाले. "त्याच्यात जागा नव्हती. माझ्यात थोडी शिल्लक होती."

छत्तीस वर्षांत त्यांची मोजणी कुणी चुकीची ठरवली नव्हती.

केंद्रात पोचलो तेव्हा जनरेटरवर तीनच यंत्रं चालू होती. तिघांनाही लगेच घेतलं. आमच्या ह्यांना चार नंबर, बेकरीवाल्याला पाच. यंत्र लागल्यावर चाळीस मिनिटांनी ह्यांचं हृदय थांबलं. डॉक्टर छातीवर दाब देत होते, आणि हातभर अंतरावर बेकरीवाला पडून बघत होता. सुया टोचलेल्या माणसाला उठता येत नाही. त्याचं रक्त नळीतून जात-येत राहिलं, पूर्ण चार तास. शेजारची खाट रिकामी होऊन तिच्यावरची चादर बदलली, तेव्हाही तो तिथेच होता.

दोन महिन्यांनी शहर शांत झालं. म्हणजे दुकानं उघडली. एके दिवशी दुपारी सव्वापाच माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला. बेकरीवाला डायलिसिसच्या वाऱ्या चुकवतोय, म्हणाला. मागच्या आठवड्यात एकदाच आला, या आठवड्यात एकदाही नाही. बायको रडते, मुलगी पाया पडते, पण तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. म्हणतो, दुसऱ्याचा जीव घेऊन मला जगायचं नाही. "वहिनी, तुम्ही बोललात तर ऐकेल," सव्वापाच म्हणाला. "नाहीतर रविवारपर्यंत जाईल."

मी आधी नाही म्हटलं. माझ्या माणसानं त्याच्यासाठी जीव दिला, आता त्याला समजवायलाही मीच जायचं? मला त्या बेकरीवाल्याचा राग होता. तो दिसला की मला तो दुसरा ग्लास दिसणार होता. सव्वापाच दोन मिनिटांहून जास्त थांबला. मग मी चपला घातल्या.

त्यांच्या वस्तीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचे कपडे, आणि दंगलीत जळालेल्या बेकरीतून वाचलेली काळवंडलेली ताटं भिंतीला टेकवून ठेवलेली. बायकोनं मला ताई म्हटलं, खुर्ची पुसून दिली आणि आत निघून गेली. तो आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसला होता. चेहरा त्या बुधवारी होता तसाच, सुजलेला. मला बघून त्यानं हात जोडले.

"वहिनी, मी त्यांच्या वाट्याचं जगतोय," म्हणाला. "माझ्यासाठी प्यायले ते. मला रोज तो ग्लास दिसतो. हे जगणं माझं नाही."

मी खुर्ची पुढे ओढून बसले. वाटेत गाडीत मी बरंच काही ठरवून आले होते, धीर देणारं, शहाणपणाचं. त्यातलं एकही त्याच्या कामाचं नव्हतं, हे त्याच्याकडे बघून कळलं. उपकाराखाली दबलेल्या माणसाला उपकाराचं मोल समजावून काय होणार होतं?

"तुमच्यासाठी प्यायले असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी बघितलं. माझ्या हातातून घेतला."

"घेतला, कारण स्वतःचा संपला होता," मी म्हटलं. "सहा वर्षं तहानलेला माणूस. एकदा तोंडाला पाणी लागलं आणि आवरलं नाही. गाडीत मला स्वतः म्हणाले, लाज वाटते, पण थांबता आलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या छातीतला आवाज तेवढा खोलीत होता.

"शपथ?"

"त्यांची शपथ," मी म्हटलं. मेलेल्या माणसाला शपथेनं काही होत नाही, एवढा त्यात दिलासा.

त्यानं उशांवरून पाठ उचलली. मग त्याच्या चेहऱ्यावर राग आला. मला त्या रागानं इतकं बरं वाटलं. "आणि मला नऊशेवरून किती बोलला तो," म्हणाला. "फोनवर. आईबाप काढले माझे. आणि स्वतः हावरटपणा केला?"

"केला."

"माझा ग्लास ढापला."

"ढापला," मी म्हटलं.

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. खोकला लागला तशी बायको धावत आली. सव्वापाचनं उद्यापर्यंत थांबायला नको म्हणून गाडी फाटकाशीच उभी ठेवली होती. दोघांनी धरून त्याला जिना उतरवला, आणि मी मागून त्याच्या चपला घेऊन उतरले.

त्याला आता दोन वर्षं होतील. बेकरी पुन्हा उभी राहिली आहे, बिनमिठाचे पाव पुन्हा गाडीत येतात. टपालताईंना सोबत नाही, म्हणून बुधवारी मी त्यांच्याबरोबर केंद्रात जाते. चार नंबरवर आता एक तरुण शिक्षक असतो. बेकरीवाला त्याला आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मोजणीसाहेबांची गोष्ट सांगतो. किती मोजूनमापून राहणारा माणूस, बाटलीवर रेघा मारायचा, मला पाण्यावरून शिव्या द्यायचा, आणि शेवटी काय केलं, तर माझा ग्लास ढापला आणि दोन ग्लासांच्या हव्यासानं गेला. तो हे प्रेमानं सांगतो, डोळे पुसत सांगतो. ऐकणारे हसतात. तहान काय असते ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी ह्यांना नावं ठेवत नाही. मी समोरच बसलेली असते आणि मीही हसते.

टपालताईंनी एकदा परतीच्या वाटेवर हळूच विचारलं, खरंच का हो असं झालं? त्यांनी तेव्हा डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, हो, तहान वाईट. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या मुलालाही मी हेच सांगितलं आहे, कारण तो बेकरीत पाव आणायला जातो आणि त्याच्या तोंडून निघून जाईल. बेकरीवाला तब्येतीनं बरा आहे, डॉक्टर म्हणतात, अजून पुष्कळ वर्षं काढेल. काढो. तोवर खरं काय ते मला कुणालाच सांगता येणार नाही.